अपस्मार, मनोविकार आणि व्हॅल्प्रोएट

फेफरे आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा वहाण धरण्याचा प्रकार आजही पाहावयास मिळतो. त्याने अपाय झाला नाही तरी उपयोग काहीच होत नाही. त्याहून घातक अशी दुसरी चूक मात्र सुशिक्षित घरांतही घडते. ती म्हणजे आकडी येणे थांबताच गोळ्या परस्पर बंद करणे. अपस्मारावरील एका प्रमुख औषधाची, सोडियम व्हॅल्प्रोएटची, ही माहिती त्यासाठीच.

शोधाची कथा

हे औषध ज्यापासून बनते ते व्हॅल्प्रोइक आम्ल 1882 मध्ये तयार झाले; पण पुढील ऐंशी वर्षे ते केवळ द्रावक म्हणून वापरात होते. 1962 मध्ये फ्रान्समधील पिएर एमार व त्यांचे सहकारी काही नवी रसायने त्यात विरघळवून तपासत होते. प्रत्येक रसायन आकडीवर गुणकारी ठरू लागले, तेव्हा खरा गुण द्रावकाचाच असल्याचे ध्यानी आले. 1967 पासून फ्रान्समध्ये ते औषध म्हणून उपलब्ध झाले.

कार्य

मेंदूतील पेशी सूक्ष्म विद्युत्संदेशांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. असंख्य पेशी एकाच वेळी अनावरपणे संदेश सोडू लागल्या की आकडी येते. व्हॅल्प्रोएट या उद्रेकास आवर घालते. कधी अतिउत्साह तर कधी खोल खिन्नता अशा द्विध्रुवी मनोविकारातही, विशेषतः उन्मादाच्या अवस्थेत, ते दिले जाते. म्हणूनच एकच गोळी या दोन भिन्न विकारांसाठी लिहून दिलेली आढळते.

घ्यावयाची दक्षता

औषध ठरल्या वेळी नियमितपणे घ्यावे. एखादी मात्रा चुकल्यास पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. औषध एकाएकी थांबविल्यास लागोपाठ आकड्या येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. ते कमी करावयाचे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. मळमळ, झोपाळूपणा, वजन वाढणे, केस गळणे, हात कापणे हे त्रास संभवतात. सतत उलट्या, तीव्र पोटदुखी किंवा कावीळ दिसल्यास यकृतास वा स्वादुपिंडास इजा झाल्याची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. दोन वर्षांखालील बालकांत यकृताचा धोका अधिक असतो.

स्त्रियांसाठी

गर्भारपणी हे औषध घेतल्यास शंभरांपैकी सुमारे दहा बालकांत जन्मजात व्यंग आढळते आणि तीस ते चाळीस बालकांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येऊ शकतात. यास्तव मुलीच्या विवाहापूर्वीच डॉक्टरांशी बोलून पर्यायी औषधाचा विचार व्हावा. प्रत्यक्षात आजार लपविला जातो, आणि सासरी गोळ्या कोणी पाहू नयेत म्हणून नववधू त्या घेणेच सोडते. 1999 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराची आडकाठी दूर झाली आहे. हे गावोगावी सांगितले गेले पाहिजे.

आपले कर्तव्य

वर्गात विद्यार्थ्यास आकडी आल्यास शिक्षकांनी आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, गळ्याजवळील कपडे सैल करावेत व त्यास कुशीवर वळवावे. तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नये. आकडी पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास रुग्णालयात न्यावे. पंचायत सदस्यांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे औषध खंड न पडता मिळते की नाही याची विचारपूस करावी. मनोविकारासंबंधी विनामूल्य सल्ल्यासाठी 14416 हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा.

औषध लिहून देणे हे डॉक्टरांचे काम; ते रुग्णाला निर्भयपणे घेता यावे असे वातावरण निर्माण करणे हे गावाचे काम होय.