पनवेलचं घर बंद करून आलात? मग आधी हे वाचा

पनवेलला कुलूप लावून आलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना कधी ना कधी शेजाऱ्याकडून व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो. दारावर चिकटवलेली मालमत्ता कराची नोटीस, आणि खाली प्रश्न: ‘काय करू?’ दुबईपासून न्यू जर्सीपर्यंत स्थिरावलेल्या घरांमधून जे अनुभव कानावर आले, त्यांतून हे टिपण तयार केलं आहे.

पनवेलची नगरपालिका 1852 सालची. तिची महापालिका झाली 1 ऑक्टोबर 2016 रोजी, आणि खारघर, कामोठे, कळंबोलीसारख्या सिडकोच्या वसाहती व आसपासची गावं तिच्यात आली. कराची बिलं मात्र उशिरा निघाली, तीही मागची थकबाकी जोडून. सेवा सिडकोची आणि कर पालिकेचा, हे रहिवाशांना पटलं नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तुमची बाजू खरी असेलही, पण थकबाकीवर शास्ती महिन्याला दोन टक्के चढते, म्हणजे वर्षाला चोवीस. अभय योजना आली की शास्तीत सूट मिळते, पण योजना येईल या भरवशावर बसू नका.

आता जप्तीकडे वळू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे बिल, मग मागणीची नोटीस, आणि त्यानंतर वॉरंट असा क्रम असतो. वॉरंट जंगम मालावर निघू शकतं, तसंच स्थावरावरही. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, आणि आपली माणसं नेमकी इथेच गोंधळतात. फ्लॅटचा लिलाव झाला तर घेणाऱ्याला भिंती, दारं, फरशी, पक्कं बसवलेलं स्वयंपाकघर मिळतं. आजीचं सागवानी कपाट, भांडी, फोटोंचे अल्बम, कागदपत्रांची पेटी ही मात्र जंगम आहेत. ती वेगळी जप्त झाली नसतील तर लिलावानंतरही तुमचीच. माल जप्त करतानाही जागेवर यादी करावी लागते, आणि अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची औतं, बियाणं आणि पोटापाण्याला लागणारी गुरं वगळावी लागतात. यादीची प्रत मागून घ्या. आग्रहाने मागा.

नवा मालक सामान रस्त्यावर फेकू शकतो का? 1872 च्या करार कायद्याचं कलम 71 असं सांगतं की दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. शोध घेऊनही मालक सापडत नसेल किंवा तो रास्त खर्च द्यायला नकार देत असेल, आणि वस्तू नासण्याच्या बेतात असेल किंवा खर्च किमतीच्या दोन-तृतीयांशावर गेला असेल, तर सहसा विकली जाणारी वस्तू त्याला विकता येते. म्हणून नवा मालक कळला की लगेच लेखी पत्र द्या: सामान माझं आहे, न्यायला अमुक तारखेला माणूस येतो. तो ते स्वतःचं म्हणून विकून मोकळा झाला, तर अपहाराची फिर्याद होऊ शकते. व्यवहारात मात्र गोड बोलून गोष्टी लवकर सुटतात, हे आमचं प्रामाणिक मत.

जनावरांचं काय, हा प्रश्न शहरातल्या मंडळींना हसण्यासारखा वाटतो. पण पनवेलच्या आसपासच्या गावांत आजही गोठे आहेत, आणि फ्लॅटमागे मांजर ठेवून निघणारेही आहेत. कायद्याच्या नजरेत गाय जंगम मालमत्ताच. त्याच करार कायद्यातलं कलम 163 चं उदाहरण मजेदार आहे: गाय सांभाळायला दिली आणि तिला वासरू झालं, तर सांभाळणाऱ्याने गायीबरोबर वासरूही परत करायचं. म्हणजे गोठ्यात वाढलेली कालवडही तुमचीच. पण हक्काबरोबर दोषही तुमचाच. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर उपाशी-तहानलेलं सोडून जाणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये, इतका हास्यास्पद; पण जनावराला मारणं किंवा लुळं करणं भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं आहे, हे नव्या मालकालाही कळू द्या. मोकाट गुरं कोंडवाड्यात गेली तर खर्च भरून लगेच सोडवा. बेवारस राहिलेली गुरं लिलावात जातात.

घर विकून थकबाकी फिटली आणि पैसे उरले तर ते मूळ मालकाचे. लेखी अर्ज करून वेळेत मागा. अमेरिकेत हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मिनेसोटातल्या जेराल्डीन टायलर या चौऱ्याण्णव वर्षांच्या बाईंचं 15 हजार डॉलरच्या थकबाकीपायी घर 40 हजारांना विकलं गेलं. वरचे पंचवीस हजार काउंटीने ठेवून घेतले, आणि 2023 मध्ये न्यायालयाने एकमताने काउंटीच्या विरोधात निकाल दिला. अमेरिकेत घर घेतलंत तर हाही निकाल लक्षात असू द्या.

पनवेलसाठी मात्र उपाय साधा आहे. मुखत्यारपत्र वकिलातीत साक्षांकित करा. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्या. त्यात कर भरणं, नोटीस घेणं, सामान आणि जनावरं ताब्यात घेणं असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘घराची देखभाल’ लिहिलेलं पत्र ऐनवेळी अपुरं पडतं. घरातल्या प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून ठेवा. आणि पालिकेच्या नोंदीतला जुना बंद पडलेला मोबाइल नंबर आजच बदलून घ्या.