काय ठेवशील, काय गाळशील?

अगं, आधी तो माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप थोडा वेळ म्यूट कर. मोबाइलवर मराठी भराभर टाइप करतेस म्हणून कोंडाण्याच्या शाळेवर विकिपीडियात लेख लिहायचं काम तुझ्या गळ्यात पडलं, आणि आता जो तो तुला काही ना काही पाठवतोय. कुणी मुख्याध्यापकांची यादी पाठवतं, कुणी गॅदरिंगचे फोटो, कुणी जुन्या खो-खो संघातल्या सगळ्या मुलींची नावं. सगळं मायेने येतंय, म्हणून नाही म्हणताना जीव खालीवर होतो, कळतं मला. पण खरं सांगू का, यातलं बरंचसं लेखात जाणारच नाही, आणि त्याने तुमच्या शाळेला काही कमीपणा येत नाही.

सगळ्यात आधी हे ठरव, की शाळेला स्वतंत्र पान हवंय का. विकिपीडियावर याला उल्लेखनीयता म्हणतात. शाळेशी ज्याचं काही देणंघेणं नाही अशा कुणीतरी शाळेबद्दल नीट, विस्ताराने लिहिलेलं आणि छापलेलं असावं लागतं. पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल घे. १८८० साली चिपळूणकर-टिळकांनी ते काढलं, आगरकर मागून आले, आणि त्यावर चरित्रांत, इतिहासाच्या पुस्तकांत पानंच्या पानं आहेत. भिडेवाड्यातली फुल्यांची १८४८ची मुलींची शाळा आज भरत नाही, तरी तिच्यावर लिहायला भरपूर आधार मिळतो. इंग्रजी विकिपीडियावर एके काळी माध्यमिक शाळा म्हटली की लेख सहसा टिकायचा. २०१७ साली तिथल्या संपादकांनी लांबलचक चर्चा केली आणि ठरलं, की शाळा आहे एवढंच कारण यापुढे पुरणार नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला, पण तिथे राबणारे हात अजून थोडे आहेत, त्यामुळे तुझा लेख कदाचित महिनोन्महिने कुणाच्या नजरेतही येणार नाही. मग एक दिवस कुणीतरी ‘पानकाढा’ साचा, म्हणजे हे पान काढून टाका अशी पाटी, लावेल, आणि गावभर बोभाटा होईल की आपली शाळा इंटरनेटवरून काढून टाकली. तेव्हा लोकांची समजूत तुलाच काढावी लागेल बाई.

त्यापेक्षा माझं ऐक. कोंडाणे गावाच्या लेखात ‘शिक्षण’ असा विभाग कर आणि तिथे चार-पाच भक्कम ओळी लिही. शाळा कोणाची, कितवीपर्यंत, कोणत्या माध्यमाची, कधीपासून. पुढे कुणी शाळेवर चांगलं काही लिहिलं, छापलं, तर त्याच ओळींचं वेगळं पान करता येतं. आणि पहिल्याच ओळीत ‘कर्जत तालुका, रायगड जिल्हा’ लिहायला विसरू नकोस. अहिल्यानगर जिल्ह्यातही एक कर्जत आहे, आणि कोंडाणे म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे सिंहगडाचा कोंढाणा उभा राहतो.

आता स्थापनेचं साल. इथे मात्र घाई करू नकोस गं. ग्रुपवर तीन जण तीन सालं सांगतील आणि तिघंही छातीठोकपणे सांगतील. तू एवढं लक्षात ठेव, की जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ला. त्यामुळे ‘जिल्हा परिषदेने १९५४ साली शाळा सुरू केली’ असं काही कुणी पाठवलं, तर ते तसंच्या तसं उचलायचं नाही. तेव्हा ती लोकल बोर्डाची किंवा स्कूल बोर्डाची असणार. जुनी माणसं अजूनही ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात, ते उगीच नाही. जुन्या कागदांवर जीवन शिक्षण मंदिर असंही नाव दिसू शकतं, ते पाहून ही दुसरीच कुठली शाळा म्हणून बाजूला ठेवू नकोस. जिल्ह्याचंही तेच. १ जानेवारी १९८१ला रायगड नाव आलं, तोवर आपण कुलाबा जिल्ह्यात. आणि एकोणिसाव्या शतकात तर कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं, म्हणूनच कोंडाण्याच्या लेण्यांची माहिती १८८२च्या ठाण्याच्या गॅझेटियरमध्ये सापडते. नुसतं ‘रायगड’ टाकून शोधत बसलीस तर जुनं काही हाताला लागणार नाही, आणि तुला वाटेल आपल्या भागावर कुणी लिहिलंच नाही.

सालाचा खरा साक्षीदार ऑफिसच्या कपाटात असतो, जनरल रजिस्टर. मुख्याध्यापकांना विचारून ते उघड आणि पहिल्या नोंदीची तारीख बघ. मनाची खात्री झाली की पुरे. त्या पानाचा फोटो काढून चढवायचा मोह होईल, कारण जुनं वळणदार अक्षर आणि पिवळा कागद फार देखणा दिसतो. नाही म्हणजे नाही! त्यात मुलाचं नाव आहे, जात आहे, जन्मतारीख आहे, आणि त्यातली कितीतरी माणसं आज गावात हिंडती-फिरती आहेत. शिवाय रजिस्टर कुठे प्रसिद्ध झालेलं नाही, म्हणून विकिपीडियाला ते संदर्भ म्हणून चालतही नाही. त्याच्या भरवशावर तू चुकीचं साल गाळू शकतेस, एवढा त्याचा उपयोग.

रजिस्टर उघडलंच आहेस तर ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकानाही बघून घे. आपल्याकडच्या शाळांची खरी गोष्ट बऱ्याचदा तिथे असते. दिवाळी झाली की कातकरी वाड्यांवरची कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पोरंही बरोबर जातात, आणि वर्गात रिकाम्या जागा पडतात. गावातल्या मोठ्यांना हे लेखात नको वाटेल, शाळेची बदनामी होईल असं म्हणतील. मला तसं वाटत नाही. तुमच्या शाळेबद्दल हे कुणा बातमीदाराने किंवा अभ्यासकाने लिहून छापलेलं असेल, तर ते जरूर ठेव. कुठल्याही मुलाची ओळख पटणार नाही असं, साध्या शब्दांत ठेव. बक्षिसाच्या ढालींच्या यादीपेक्षा त्यातून शाळा जास्त कळते. छापील काहीच नसेल तर मात्र लेखात नको, कितीही खरं असलं तरी.

अभिमानाच्या गोष्टींनाही हाच नियम लाव, आणि तो लावणं जास्त कठीण जातं. भाई कोतवालांचं नाव आपल्या तालुक्यात कुठल्याही शाळेला जोडावंसं वाटतं. माथेरानला जन्मलेला हा माणूस शेतकऱ्यांना लिहिता-वाचता यावं म्हणून शाळा चालवत होता, आणि २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत हुतात्मा झाला. ‘भाई आमच्या शाळेत येऊन गेले’ असं एखादे आजोबा डोळ्यांत पाणी आणून सांगतील. त्यांचं बोलणं नीट रेकॉर्ड करून ठेव, तारीख घाल, जपून ठेव. लेखात घालायचं तर पुस्तकात सापडायला हवं.

लेण्यांना शाळेच्या ओळींत ओढू नकोस, एक दुवा दिलास की झालं. पण लिहायला बसण्याआधी एकदा वर जाऊन ये. चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूला ती भंगलेली मूर्ती आहे ना, तिच्याजवळ ब्राह्मीत एक छोटीशी ओळ कोरली आहे. कण्हाचा शिष्य बलक, त्याने हे केलं, एवढाच तिचा अर्थ. गुरू कोण, शिष्य कोण, केलं कोणी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने गुरूला एकही विशेषण लावलं नाही, तरी आपल्याला आज ते दोघं ठाऊक आहेत. मग तू ‘उपक्रमशील’, ‘नामांकित’, ‘ज्ञानदानाचे पवित्र कार्य’, ‘उज्ज्वल यशाची परंपरा’ हे सगळं सुपात घे आणि पाखडून टाक. उपक्रम झाला असेल तर त्याचं नाव, साल आणि तो कुठे छापून आला ते लिही, पुढचं वाचणारा समजतो.

नावांचं थोडक्यात सांगते. मुलांची नावं कधीच नाहीत. शिक्षकांची यादी नाही. माजी विद्यार्थी तेवढेच, ज्यांच्या कामावर इतरांनी लिहिलंय. परदेशात नोकरी लागली एवढ्यावर नाही. फोन नंबर, शाळेची वेळ, दहावीचे टक्के काही नको. फोटो तू स्वतः काढलेला हवा, शाळेच्या इमारतीचा, रविवारी, म्हणजे अंगणात मुलं नसतील. वर्तमानपत्रातलं कात्रण स्कॅन करून चढवू नकोस, त्याचा हक्क त्यांचा असतो. त्या बातमीचा संदर्भ दे.

आणि उरलेल्या ढीगभर आठवणींचं काय, याचीच धास्ती आहे ना तुला? बघ, त्यांची स्मरणिका काढा. खो-खोचा संघ, पहिली घंटा कोणी दिली, श्रमदानात कोणाच्या बैलगाडीने दगड आणले, सगळं तिथे येऊ दे. एक प्रत कर्जतच्या वाचनालयात ठेवायला सांग. ग्रुपवर नाही म्हणण्याऐवजी ‘हे स्मरणिकेला घेते’ म्हणालीस की कुणी रुसणार नाही, आणि तुझंही डोकं हलकं होईल.

मग एखाद्या संध्याकाळी विकिपीडियाच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, ‘शिक्षण’ विभागाच्या त्या चार-पाच ओळी लिहून बघ. तिथे काही चुकलं तरी लेखाला धक्का लागत नाही, म्हणून घाबरू नकोस. खातं स्वतःच्या नावाने किंवा टोपणनावाने काढ. शाळेच्या नावाने काढलंस तर प्रचालक, म्हणजे तिथली देखरेख करणारे, अडवतील. आपण याच शाळेत शिकलो हे चर्चापानावर सरळ सांगून टाक. आणि पासवर्ड कुणाला म्हणजे कुणालाही द्यायचा नाही, सरपंचांनी मागितला तरी!