पॅकेज किती आणि पगार किती?

नोकरी लागली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘पॅकेज किती?’ त्यातले हातात किती पडणार, हे फारसं कुणी विचारत नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र हातातल्या पगारातूनच जातो.

6 लाखांचं पॅकेज घेऊ. महिन्याला 50 हजार, त्यात मूळ वेतन 25 हजार. कंपनीने भरायचा 12 टक्के पीएफ (3,000 रुपये) आणि ग्रॅच्युइटीची सुमारे 1,200 रुपयांची तरतूद बहुतेक कंपन्या याच 50 हजारांत धरतात. उरले 45,800. त्यातून कर्मचाऱ्याच्या वाट्याचा पीएफ 3,000 आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर 200 रुपये (फेब्रुवारीत 300) वजा झाला की हातात 42,600. पॅकेजमध्ये 60 हजारांचा वार्षिक ‘व्हेरिएबल’ (कामगिरीवर ठरणारा भाग) धरला असेल, तर दरमहा 37,600च. आणि तो व्हेरिएबल पूर्ण मिळेलच असं नाही.

पीएफ कापला म्हणून हिरमुसू नका. दोन्ही हिस्से मिळून ती तुमचीच बचत आणि पेन्शन आहे. दोन ऑफरची तुलना करताना मूळ वेतन, व्हेरिएबल आणि हातातली रक्कम असे तीन आकडे शेजारी मांडा.

सही करण्याआधी

नोकरी कुणाच्या रोलवर आहे, हे आधी विचारा. चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्यात काम मिळालं, तरी नियुक्तीपत्र ठेकेदाराचं असू शकतं. अप्रेंटिस म्हणून घेतलं असेल, तर मिळतं ते विद्यावेतन. तिथे कायम नोकरीची हमी धरू नये. बाँड असेल तर मुदत आणि रक्कम वाचा. मूळ प्रमाणपत्रं कुणी ठेवून घेऊ पाहत असेल, तर साक्षांकित प्रती द्या. नोकरी देण्यासाठी ‘डिपॉझिट’ मागणाऱ्याकडे फिरकूच नका.

रुजू झाल्यावर

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनुसार नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत व्हायला हवा. राजीनामा दिला किंवा कामावरून काढलं, तर राहिलेलं वेतन कामाच्या दोन दिवसांत मिळायला हवं. कारखान्यातल्या कामगाराला ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो. ग्रॅच्युइटीसाठी साधारण 5 वर्षं सलग नोकरी लागते. ठरावीक मुदतीच्या नोकरीत आता 1 वर्ष पुरतं.

पगाराच्या स्लिपवर पीएफ कापलेला दिसला, म्हणजे तो जमा झालाच असं समजू नका. पीएफ खात्याचा यूएएन नंबर सुरू करून घ्या आणि पीएफच्या पासबुकात रक्कम चढते का, हे दर महिन्याला पाहा.

पगार अडला तर

आधी एचआरला ईमेल करा. तोंडी बोलणं मागे पुराव्याला उरत नाही. उत्तर आलं नाही, तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. पीएफची तक्रार भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे जाते. ठेकेदाराने पगार बुडवला, तर तो देण्याची जबाबदारी मुख्य कंपनीवर येते.

पालकांनी मुलांच्या वतीने एचआरला फोन करू नये. त्यापेक्षा ऑफर लेटर हातात आलं की संध्याकाळी सोबत बसून ते ओळ न ओळ वाचा. नियुक्तीपत्र, पगाराच्या स्लिपा आणि हजेरीच्या नोंदी यांची एक प्रत कंपनीच्या लॅपटॉपबाहेर, स्वतःच्या ईमेलवर ठेवायला सांगा. तक्रारीची वेळ आलीच, तर हीच कागदपत्रं लागतात.