लाइकहार्ट गेला कुठे?

लुडविग लाइकहार्ट मूळचा जर्मनीतला. १८४४-४५ साली त्याने ऑस्ट्रेलियात सुमारे ४८०० किलोमीटर वाट तुडवली. लोकांनी तर तो मेला असंच धरलं होतं! पण गडी सुखरूप पोचला.

१८४८ साली तो पुन्हा निघाला, पूर्वेकडून थेट पश्चिम किनाऱ्याकडे. बरोबर सहा माणसं, त्यांत दोघे तिथले आदिवासी. शिवाय ५० बैल, २० खेचरं, ७ घोडे. एप्रिलमध्ये त्याने शेवटचं पत्र लिहिलं. मग काहीच नाही. शोधायला गेलेले हात हलवत परतले.

सुमारे १९०० साली गोरखचिंचेच्या जातीच्या एका झाडापाशी जळकी बंदूक सापडली. तिच्या पितळी पट्टीवर त्याचं नाव आणि १८४८ साल होतं. २००६ मध्ये ती पट्टी खरी ठरली. म्हणजे निम्म्याहून जास्त वाट त्याने कापली होती! वर्गातल्या नकाशावर आम्ही ती बोटाने मोजली.