मोटार सुरू होण्यास उशीर कां लागतो?

रोग ओळखल्यावांचून औषध देऊं नये, हा वैद्यांचा नियम यंत्रांसहि तितकाच लागू आहे. किल्ली फिरविल्यावर मोटारीचें इंजिन तत्काळ सुरू न होतां आठ-दहा सेकंद नुसतेंच फिरत राहतें, ही तक्रार पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येते. अशा वेळीं प्रथम नवी बॅटरी, मग नवे प्लग, मग नवा पंप अशी खरेदी चालू होते; पैसा खर्चीं पडतो आणि दोष जागच्या जागीं राहतो. हा दोष विचारानें कसा शोधून काढावा, तें एका नामांकित गाडीच्या उदाहरणानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही गाडी म्हणजे जर्मनींतील मर्सिडीज-बेंझ कंपनीची ३०० ई होय. इ. स. १९८५ च्या सुमारास ती बाजारांत आली. याच घडणीच्या कांहीं गाड्या १९९५ पासून पुण्यासहि जोडल्या जाऊं लागल्या. मात्र त्यांचीं इंजिनें निराळीं होतीं. ३०० ई गाडीच्या इंजिनास सहा सिलिंडर असून त्यास पेट्रोल पुरविण्याची योजना बॉश कंपनीची आहे. तिला केई-जेट्रॉनिक म्हणतात. जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर असे, व हवेच्या ओढीनें पेट्रोल त्यांतून खेचलें जाई. येथें तसें नाहीं. टाकीजवळील विजेचा पंप पेट्रोलावर सुमारें साडेपांच बार दाब देतो. एक बार म्हणजे जवळजवळ आपल्या भोंवतालच्या हवेचा दाब. या दाबामुळें प्रत्येक सिलिंडराच्या तोंडाशीं असलेल्या तोटींतून पेट्रोलाचे बारीक तुषार उडतात. दाब साडेतीन बारच्या आसपास पोंचल्याशिवाय ही तोटी उघडतच नाहीं. दाब नाहीं तर तुषार नाहींत, आणि तुषार नाहींत तर इंजिनास गति नाहीं, एवढी गोष्ट विद्यार्थ्यांनीं पक्की ध्यानांत ठेवावी.

आतां परीक्षेकडे वळूं. पहिला प्रश्न असा कीं, स्टार्टर इंजिनास मंद फिरवितो, कीं जोरानें फिरवूनहि तें सुरू होत नाहीं? हे दोन रोग अगदीं भिन्न आहेत. बारा व्होल्टांची बॅटरी पूर्ण भरलेली व विश्रांतींत असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. स्टार्टर फिरतांना हा आंकडा खालीं येतोच. परंतु तो दहाच्याहि बराच खालीं गेला व फिरणें मंदावलें, तर बॅटरी, तिच्या तारा व तारांचीं गंजलेलीं टोकें तपासावीं. फिरणें जोमदार असेल, तर बॅटरीस दोष देऊं नये; पुढील प्रश्न विचारावा.

दुसरा प्रश्न : उशीर केव्हां होतो? थंड इंजिनास, कीं गरम इंजिनास? थंड इंजिनांत पेट्रोलाची वाफ नीट होत नाहीं, म्हणून आरंभीं तें अधिक द्यावें लागतें. यासाठीं सहा तोट्यांखेरीज एक सातवी तोटी असते. इंजिन थंड असतां किल्ली फिरविली म्हणजे ती कांहीं सेकंदच उघडते. शिवाय इंजिनाच्या पाण्यांत उष्णता जाणणारा एक लहान संवेदक बसविलेला असतो. विजेच्या प्रवाहास त्याचा होणारा रोध २० अंश सेल्सियसला सुमारें अडीच हजार ओहम, व ८० अंशांस सुमारें सव्वातीनशें ओहम असतो. थंड इंजिनांतहि तो शें-तीनशें ओहमच दाखवूं लागला, तर इंजिन गरम आहे असें समजून पेट्रोल कमी दिलें जातें. साध्या मापकानें या गोष्टीचा निर्णय होतो.

परंतु गाडी सकाळीं फारसा त्रास देत नाहीं, थांबवून दोन मिनिटांत पुन्हां किल्ली फिरविली तरी चटकन सुरू होते, आणि बाजारांत अर्धा तास उभी राहिली म्हणजे मात्र अडून बसते, असें असेल तर? इंजिन बंद केल्यावर पंखा व वारा थांबतो; त्यामुळें तेथील उष्णता नळ्यांतील पेट्रोलास लागते. पेट्रोल दाबाखालीं असेल तोंवर तें सहसा उकळत नाहीं. दाब उतरला कीं त्याची वाफ होते, आणि ती वाफ सरल्यावांचून तोट्यांस पेट्रोल मिळत नाहीं. शेतकऱ्याच्या विहिरीवरील पंप पहा. नळाच्या तळचा फूटव्हॉल्व्ह गळका झाला म्हणजे रात्रींतून पाणी उतरतें, व सकाळीं वरून पाणी ओतल्याशिवाय पंप पाणी उचलीत नाहीं. पंप चांगला असतो. दोष धरून ठेवणाऱ्या झडपेचा असतो.

याची परीक्षा बिनखर्चाची आहे. गाडी अशी अर्धा तास उभी राहिल्यावर स्टार्टर न लावतां किल्ली फक्त चालू करावी. पंप सुमारें एक सेकंद फिरून थांबतो. किल्ली बंद करून थोडे थांबावें व असें तीन-चार वेळां करावें. नंतर स्टार्टर लावतांच इंजिन सुरू झालें, तर बंद गाडींत दाब टिकत नाहीं असा बळकट संशय घ्यावा.

हा दाब राखणारे तिघे पहारेकरी आहेत : पंपाच्या तोंडाशीं असलेली एकेरी झडप, तिच्या पुढें पडदा व स्प्रिंग असलेला दाबाचा सांठा, आणि इंजिनाजवळचा दाबनियामक. मेकॅनिकानें दाबमापक लावून इंजिन बंद करावें व कांटा पाहत रहावें. सांठ्याच्या परतीच्या नळींतून पेट्रोल येत असेल, तर आंतील पडदा फाटला आहे. नियामकाची परतीची नळी दाबून धरतांच कांटा स्थिर झाला, तर नियामक गळका आहे. दोन्ही निर्दोष ठरले, तर एकेरी झडप किंवा ठिबकणाऱ्या तोट्या उरतात. अशा रीतीनें एकेक निरपराध बाजूस काढीत गेलें कीं अपराधी आपोआप सांपडतो.

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. दाबाखालचें पेट्रोल नळी सोडतांच अंगावर उडतें, व एक ठिणगीहि प्राणघातक होते. म्हणून किल्लीची परीक्षा घरीं करावी. नळ्या उघडण्याचें काम जाणत्या मेकॅनिकावरच सोंपवावें. पालकांनीं एक वही गाडींत ठेवावी, आणि गाडी किती वेळ उभी होती, इंजिन थंड होतें कीं गरम, व सुरू होण्यास किती सेकंद लागले, हें आठवडाभर मुलांकडून टिपवून घ्यावें. ती वही मेकॅनिकाच्या हातीं दिली, तर त्याचा अर्धा शोध आधींच झालेला असेल, आणि मुलांस प्रयोगशाळेबाहेर शास्त्राचा एक धडा मिळेल.