अकरा कॅसेटी

१९९३च्या मे महिन्यात मस्कतचा मामा सुट्टीवर डोंबिवलीला आला, तेव्हा त्याच्या बॅगेत खजूर आणि अत्तराच्या बाटल्यांच्या खाली एक काळं यंत्र होतं. अंगावर सोनेरी अक्षरांत '१६-बिट' असं कोरलेलं. बिट म्हणजे काय हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, पण समोरच्या बिल्डिंगमधल्या पोराकडे आठचं होतं आणि आपल्याकडे सोळाचं, एवढं गणित मला सातवीत येत होतं.

ते यंत्र म्हणजे सेगाचा मेगा ड्राइव्ह. जपानमध्ये तो १९८८ सालीच आला होता. भारतात शॉ वॉलेस कंपनीने तो रीतसर विकायला काढला १९९५मध्ये, अठरा हजारांच्या आसपास. बाबांचा पगार किती होता ते इथे सांगत नाही, पण मामा नसता तर हा लेखही नसता. या यंत्रासाठी जगभरात साडेआठशेच्या वर गेम निघाले. आमच्याकडे पाच वर्षांत आले अकरा. शिवाय काही भाड्याने. कार्ट्रिज हा शब्द आम्हाला माहीत नव्हता, आम्ही कॅसेट म्हणायचो. इथेही तसंच म्हणतो.

१. येईल तो गेम आपला.
मामाला गेममधलं काही कळत नव्हतं. दुकानदार देईल ते तो आणायचा. त्यात एक गोल्फचा निघाला. मी आणि ताई आठवडाभर रुसलो, मग दुसरं काही नाही म्हणून तो लावला आणि दिवाळीपर्यंत सोडला नाही. बोगी म्हणजे फक्त आगगाडीचा डबा नव्हे, हे कळलेली त्या वर्षी डोंबिवली पूर्वेत बहुधा आम्ही दोघंच असू.

२. आपला सॉनिक मंद होता. अंगठा नव्हे.
२००१मध्ये कामानिमित्त न्यू जर्सीला गेलो. आतेभावाकडे तळघरात त्याचं जुनं यंत्र होतं. तिकडे मेगा ड्राइव्हचं नाव जेनेसिस. पहिला 'सॉनिक' लावला आणि मी पहिल्याच स्टेजमध्ये काट्यांवर पडलो. पुन्हा पडलो. ज्या गेमवर माझा इतका रुबाब होता, त्यात आतेभावाची आठ वर्षांची मुलगी मला हसत होती. संगीतसुद्धा घाईत असल्यासारखं वाजत होतं.

कारण नंतर समजलं. भारतात आणि आखातात तेव्हा टीव्हीची पद्धत पॅल, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा चित्र. अमेरिकेत आणि जपानमध्ये साठ वेळा. सॉनिक १९९१मध्ये साठच्या हिशेबाने लिहिला गेला, दर चित्रामागे एक पाऊल. पन्नासच्या टीव्हीसाठी कुणी तो हिशेब बदलला नाही. म्हणजे आमचा जगातला सर्वांत वेगवान हेजहॉग सहाव्या हिश्श्याने हळू धावत होता आणि पडद्यावर वरखाली ज्या काळ्या पट्ट्या दिसायच्या, त्याही त्यातल्याच. मी त्या पट्ट्यांना सजावट समजत होतो. खरं सांगू? मला अजूनही आमचा सॉनिक जास्त आवडतो. त्याच्या उड्यांमध्ये विचार करायला वेळ होता.

३. संगीतकाराचं नाव वाचावं आणि भावंडांनी उत्तर आधी ठरवून घ्यावं.
आमच्या अकरांतला राजा 'स्ट्रीट्स ऑफ रेज'. विविध भारतीवर गाण्याआधी संगीतकाराचं नाव सांगतात, तसं या गेमच्या पहिल्याच पडद्यावर नाव होतं: युझो कोशिरो. जपानी गेममध्ये तेव्हा शेवटी नावं आली तरी बऱ्याचदा टोपणनावं असायची. इथे मात्र दारावर पाटी लावल्यासारखं. १९९१मध्ये हा माणूस तेवीस वर्षांचा होता. यामाहाच्या एका चिपमधून, सहा आवाजांत, त्याने नाइट क्लबचा ठेका काढला. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "मारामारी बंद कर, गाणं राहू दे." मारामारी बंद केली की गाणंही जातं, हे तिला कधी पटलं नाही.

हा गेम दोघांनी मिळून खेळायचा. शेवटी खलनायक विचारतो, माझ्या टोळीत येता का? दोघांची उत्तरं वेगळी आली तर तो बाजूला बसून राहतो आणि तुम्हाला एकमेकांशी लढावं लागतं. पहिल्यांदा तिथवर पोचलो तेव्हा मी 'नाही' म्हटलं आणि ताईने, नुसतं काय होतं ते बघायला, 'हो' म्हटलं. तिने मला तीस सेकंदांत लोळवलं. रात्री जेवताना आम्ही बोलत नव्हतो आणि कारण सांगण्यासारखं नव्हतं.

४. भाड्याचा गेम संपत नाही, कारण तो संपू नये म्हणूनच बनवलेला असतो.
स्टेशनजवळच्या एका लायब्ररीत मासिकांसोबत कॅसेटीही मिळायच्या. दिवसाला पंधरा रुपये. १९९४चा 'लायन किंग' मी तिथून चार वेळा आणला आणि चारही वेळा दुसऱ्याच स्टेजमध्ये, माकडं सिंबाला इकडून तिकडे फेकतात तिथे, अडकलो. पुढे तो गेम करणाऱ्यांनीच सांगितलं की ते मुद्दाम होतं. अमेरिकेत लोक शनिवार-रविवारसाठी गेम भाड्याने नेत आणि तेवढ्यात संपला तर विकत कोण घेणार? माझे साठ रुपये तिकडच्या दुकानदारीच्या भांडणात गेले.

५. यंत्राचं बटणही गेममध्येच असतं.
१९९३च्या 'एक्स-मेन'मध्ये एका स्टेजला घड्याळ उलटं पळतं आणि कॉम्प्युटर रीसेट करा असा हुकूम येतो. पडद्यावर तसं बटण कुठेच नाही. आम्ही दीड वर्ष प्रत्येक भिंतीला लाथा घातल्या. एका रविवारी ताई वैतागली, "खड्ड्यात गेला तुझा गेम," म्हणाली आणि यंत्रावरचं खरंखुरं रीसेट बटण तिने टिचकी मारल्यासारखं दाबलं. पुढची स्टेज उघडली! तेच उत्तर होतं. मात्र टिचकीच हवी, बटण जरा जास्त वेळ धरलं तर गेम पहिल्यापासून. इतकं हुशार आणि इतकं दुष्ट कोडं मी त्यानंतर पाहिलेलं नाही.

६. बॅटरी आहे का ते विचारा.
'फँटसी स्टार ४' लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात स्वस्तात मिळाला. मोठी गोष्ट असलेला गेम, चार-पाच बैठकांत न संपणारा. अशा कॅसेटीत घड्याळासारखी गोल बॅटरी असते. तिच्या जोरावर यंत्र बंद असतानाही तुम्ही कुठवर आलात ते लक्षात राहतं. माझी कॅसेट नकली होती. 'सेव्ह झालं' म्हणायची आणि सकाळी कोरी. मग मी यंत्र बंदच केलं नाही. टीव्ही बंद, यंत्र चालू, वर आजीचा टॉवेल. अ‍ॅडॅप्टरवर पापड भाजला असता. चौथ्या दिवशी दुपारी लाइट गेली. दुकानदार म्हणाला, या भावात बॅटरी पण पाहिजे का तुला?

७. सगळं मिळालं की बसवत नाही.
२०१९मध्ये सेगाने तळहातावर मावेल असा छोटा मेगा ड्राइव्ह काढला. आतच बेचाळीस गेम, हवं तिथे सेव्ह. आतेभावाने पाठवला. पहिल्या संध्याकाळी मी बेचाळीसही उघडून पाहिले, एकही पाच मिनिटांवर खेळलो नाही. 'फँटसी स्टार ४' त्यात आहे. अजून सुरू केलेला नाही.

'एक्स-मेन' मात्र त्यात नाही आणि माझ्याकडेही नाही. १९९६च्या गणपतीत आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाने तो दोन दिवसांसाठी नेला आणि नंतर ते लोक बदलापूरला राहायला गेले. कॅसेटच्या मागे निळ्या बॉलपेनने ताईचं नाव आणि शेजारी एक तिरकं फूल काढलेलं आहे. कुणाच्या माळ्यावर दिसली तर कळवा. डबा आणि पुस्तिका मी जपून ठेवली आहे.