प्रश्नसंच हाती घेताना

चि. भाचीस,


अलिबागला 2021 साली 100 जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि रायगडच्या मुलांचं सरकारी जागेचं स्वप्न घराजवळ आलं. पण तिथली वाट ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेतूनच जाते, आणि त्या वाटेवर पुष्कळ जण फिजिक्सपाशी अडतात. प्रश्न 45, गुण 180, म्हणजे 720 चा चौथा हिस्सा. गुण कमी पडले की घरचे आणखी एक जाडजूड प्रश्नसंच आणून देतात. टेबलावर पुस्तकं वाढतात, गुण मात्र तिथेच राहतात.

याचं कारण सोडवण्याच्या पद्धतीत आहे. मुलं प्रश्न वाचतात, मिनिटभर झटतात, मागचं उत्तर उघडतात, ‘अरे, हे तर येत होतं’ म्हणतात आणि पुढे सरकतात. छापलेलं उत्तर कळलं म्हणजे गणित आलं, असं नव्हे. कोऱ्या कागदावर ते स्वतःला मांडता आलं पाहिजे.

2019 च्या नीटमधला एक प्रश्न बघ. पोहणाऱ्याचा संथ पाण्यातला वेग सेकंदाला 20 मीटर, नदीचा प्रवाह पूर्वेकडे 10 मीटर. दक्षिण काठावरून सर्वांत कमी अंतराने पलीकडे जायचं, तर त्याने उत्तरेपासून किती अंशांत हात मारावेत? भरतीच्या वेळी रेवदंड्याच्या खाडीत होडी घालणारा नाखवा नाळ थोडी प्रवाहाच्या उलट धरतो, तेच इथे करायचं. कोनाची साइन 10 भागिले 20, म्हणून उत्तर 30 अंश पश्चिमेकडे. पण खरं शिकण्यासारखं आहे ते चुकीच्या पर्यायांत. 60 अंश निवडणाऱ्याने कोन काठापासून मोजला. 0 अंश निवडणाऱ्याने ‘कमीत कमी अंतर’ हे ‘कमीत कमी वेळ’ असं वाचलं. पहिल्याची आकृती कच्ची, दुसऱ्याचं वाचन. दोघांना औषध वेगळं, आणि ते नवीन पुस्तकात मिळत नाही. प्रत्येक चुकीपुढे वहीत तिचं कारण एका ओळीत लिहायचं आणि आठवड्याने तोच प्रश्न उत्तर झाकून पुन्हा सोडवायचा.

पुस्तकाची आवृत्तीही तपासायची. 2024 च्या पेपरात अणूंविषयी दोन विधानांचा प्रश्न होता. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, असं एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात छापलं होतं; नव्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने आधी दोन्ही उत्तरं ग्राह्य धरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं, आणि पैकीच्या पैकी गुण मिळालेले विद्यार्थी 61 वरून 17 वर आले. त्याच वर्षापासून अभ्यासक्रमही बदलला. डॉप्लर परिणाम गेला; व्हर्नियर, स्क्रू गेज असलेला प्रयोगकौशल्यांचा भाग आला. ताईदादांचे जुने संच म्हणूनच नव्या अभ्यासक्रमाशी ताडून मगच वापरावेत.

विद्युतप्रवाह आणि चुंबकत्वाचं प्रकरण आलं की अलिबागची चुंबकीय वेधशाळा आठवावी. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या. त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून 1904 साली हे काम अलिबागला आलं. प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि तारेपासून दूर गेलं की ते घटतं, हे प्रश्नसंचातलं सूत्र तुमच्या गावात वास्तू होऊन उभं आहे. सूत्रामागे असं काही दिसलं की ते पाठ करावं लागत नाही. म्हणून एनसीईआरटीचं प्रकरण नीट वाचल्याशिवाय संच उघडू नये.

2025 पासून 180 प्रश्न 180 मिनिटांत सोडवायचे आहेत. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला उणे 1. फिजिक्सचे 30 बरोबर आणि 15 कोरे, तर 120 गुण. तेच 15 अंदाजाने ठोकून सगळे चुकले, तर 105. सरकारी जागेच्या यादीत 15 गुणांनी फार मोठा फरक पडतो.

या रविवारी दुपारी 2 ते 5 घड्याळ लावून 2025 चा पूर्ण पेपर सोडव, आणि चुकांची वही मला पाठव.

तुझी,
मावशी